इनाम आणि मान : पालवणकर बाळू यांची क्रीडा-कारकीर्द

आमच्या तालुक्यात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रांना सुरुवात होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा भरतो. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग शे-दोनशे रुपयांच्या आणि ऊन उतरू लागले की हजारांच्या. पंच इनामाची रक्कम लाउडस्पीकरवरून पुकारतात. पैलवान ती ऐकतो, अंगाला माती लावतो आणि उभा राहतो. कुस्ती मारली की त्याला फेटा बांधतात आणि हलगीच्या तालावर फडभर फिरवतात. पैसे घेऊन खेळला म्हणून त्या पैलवानाला कोणी हलका समजल्याचे मी तरी पाहिलेले नाही. इनाम आणि मान तेथे एकाच हाताने दिले जातात.

महाविद्यालयात आल्यावर खेळांविषयीची काही जुनी पुस्तके वाचनात आली. त्यांत खेळाडूंचे दोन वर्ग पाडलेले दिसले : ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’. हौशी म्हणजे खेळाच्या आनंदासाठी खेळणारा, म्हणून श्रेष्ठ. धंदेवाईक म्हणजे पैशासाठी खेळणारा, म्हणून जरा खालचा. आज आपण ‘व्यावसायिक’ असा सभ्य शब्द वापरतो. पण जुन्या शब्दातला डंख अजून पुरता गेलेला नाही. हा भेद कोणी केला आणि त्यात कोणाचे नुकसान झाले, याचा विचार करताना एका माणसाचे चरित्र माझ्या हाती आले. ते म्हणजे क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचे. खेळातील कौशल्यावर पोट भरणारे आपल्याकडचे जे अगदी आरंभीचे क्रिकेटपटू, त्यांत बाळूंचे नाव अग्रभागी येते. त्यांना इनाम मिळाले. मानाचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हौस कोणाला परवडते?

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो. परंतु हौसेला वेळ लागतो आणि ज्याच्या घरी दाण्याची सोय आहे त्यालाच वेळ असतो. इंग्लंडात क्रिकेटपटूंची ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ अशी उघड विभागणी होती. जंटलमन म्हणजे हौशी, बहुधा घरचा श्रीमंत. प्लेयर म्हणजे वेतन घेऊन खेळणारा, बहुधा कामगार वर्गातला. अनेक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि मैदानात उतरण्याची दारेही निराळी असत. धावपत्रिकेवर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर वेतनी खेळाडूची आडनावानंतर छापण्याचा प्रघात होता. हा भेद १९६२ साली अधिकृतपणे रद्द झाला. म्हणजे ज्यांनी हा खेळ आपल्याकडे आणला त्यांच्या घरीच पैसे घेऊन खेळणाऱ्याला दार वेगळे होते. आपल्याकडे या वर्गभेदाला जातिभेद येऊन मिळाला आणि दार वेगळे होते एवढ्यावर भागले नाही.

चार रुपये महिना

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आलेले. वडील पुण्यात लष्कराशी संबंधित नोकरीत होते, त्यामुळे बाळपण छावणीच्या परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. पुढे विठ्ठल व गणपत हे बंधूही याच वाटेने आले. चार भावांनी वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळावे, असे घर आपल्याकडे विरळाच.

शाळा लवकरच सुटली. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना नोकरी मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचा. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेथे पगार एका रुपयाने वाढला. जाळी उभारणे, खेळपट्टी तयार करणे, टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे ही कामे होतीच. त्यांच्या हातातला चेंडू वळतो हे क्लबातील एका गोऱ्या सभासदाच्या ध्यानात आले आणि त्याने त्यांना नियमित गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले.

त्या वेळी पुण्यातील युरोपियनांमध्ये कॅप्टन जे. जी. ग्रेग हे नावाजलेले फलंदाज होते. इतर सभासद येण्याच्या आधीच ते मैदानावर येत आणि बाळूंची गोलंदाजी खेळत. आपल्याला बाद केले की दर वेळी ते बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आजच्या विद्यार्थ्यांसाठी हिशेब मांडतो. एका रुपयाचे सोळा आणे, तेव्हा चार रुपयांचे चौसष्ट आणे. ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की एका महिन्याचा पगार वसूल! आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, बाळूंच्या गोलंदाजीचे शिक्षण कोठे व कसे झाले हे तीतून कळते. त्यांना शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हते. समोर पुण्यातला उत्तम फलंदाज आणि हातात चेंडू. रोज, तासन् तास, वर्षानुवर्षे. डाव्या हाताने मंद गतीचा चेंडू टाकायचा, टप्पा कोठे पडला की फलंदाज पुढे येतो आणि कोठे पडला की जागीच अडकतो हे पाहायचे आणि उद्या त्यात सुधारणा करायची. असा हा अभ्यासक्रम होता.

‘लगान’ हा २००१ सालचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील ‘कचरा’ या पात्राला पाहून अनेकांना बाळूंची आठवण होते. परंतु एक फरक सांगितला पाहिजे. चित्रपटातील कचऱ्याचा चेंडू हाताच्या व्यंगामुळे आपोआप वळतो. बाळूंचा चेंडू आपोआप वळत नव्हता. त्यामागे रूळ ओढून थकलेल्या हाताची रोजची मेहनत होती. दलिताच्या अंगी कौशल्य दिसले की त्याला चमत्कार म्हणण्याची आपल्याला सवय आहे. चमत्कार म्हटले की त्यामागचे कष्ट मोजावे लागत नाहीत.

पूना क्लबातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इतकी वर्षे सरावाला चेंडू टाकूनही तेथे बाळूंच्या हाती बॅट दिली गेली नाही. बॅट साहेबांसाठी होती. पगार देणाऱ्याने त्यांची गोलंदाजी विकत घेतली होती. त्यांना खेळाडू म्हणून स्वीकारले नव्हते. धंदेवाईक या शब्दाचा खरा अर्थ येथे उघडा पडतो.

मातीचा पेला

पुण्यातील हिंदू क्रिकेट क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज तर युरोपियनांच्याच मैदानावर रूळ ओढत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. काही सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकी अनेक जण प्रतिकूल. बाळूंसारख्या गोलंदाजाला वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत खुद्द ग्रेग यांनी व्यक्त केल्याचे सांगतात. शेवटी बाळूंना घेतले.

मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत होते. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू तंबूत जाऊन चिनी मातीच्या पेल्यातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणही निराळ्या ताटात, निराळ्या जागी. याच बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियन संघांना हरवले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा त्यांचा पराक्रम त्या काळी फार गाजला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असे न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना सुनावल्याची नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या २००२ सालच्या ग्रंथात आहे.

या प्रसंगाकडे केवळ ‘पूर्वीच्या काळची वाईट चाल’ म्हणून पाहून पुढे जाता येईल. पण मला त्यात एक हिशेब दिसतो. संघाला बाळूंकडून जे हवे होते, म्हणजे बळी, ते घेताना सोवळे आड आले नाही. संघाने बाळूंना जे द्यायचे होते, म्हणजे आपल्या पंगतीतली जागा, ते देताना सोवळे आड आले. घेताना एक नियम आणि देताना दुसरा. जातिव्यवस्थेची व्याख्या शोधण्यास आणखी कोठे जायला नको.

मुंबई आणि रेल्वेची नोकरी

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या त्या काळात, बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात काढल्यावर त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघातून खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना प्रवेश मिळाला. तेथेही काहींनी आधी हरकत घेतलीच.

रेल्वेच्या या नोकरीचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. पूना क्लबातील पगार मैदान राखण्याचा होता. गोलंदाजी त्यात फुकट गेली होती. रेल्वेत मात्र उत्तम खेळतो म्हणून माणसाला नोकरीत ठेवायचे आणि संघाच्या नावासाठी त्याला खेळवायचे, असा व्यवहार होता. पुढे आपल्या देशात रेल्वे, बँका, गिरण्या आणि मोठे कारखाने यांनी हीच रीत चालवली. २००८ साली आयपीएलचा लिलाव सुरू होईपर्यंत बहुसंख्य भारतीय क्रिकेटपटूंचे पोट अशा नोकरीवरच चालत असे. कबड्डीच्या खेळाडूंचे तर २०१४ साली प्रो कबड्डी येईपर्यंत तसेच होते. आपल्या जिल्ह्यातील कित्येक खेळाडू पोलिसांत, रेल्वेत वा सैन्यात ‘खेळाच्या कोट्यातून’ लागतात आणि त्यांचे आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या वाटेवर चालणाऱ्या पहिल्या काही लोकांत बाळू होते.

मुंबईतील स्पर्धेची रचनाही समजून घेतली पाहिजे. आरंभी पारशी व युरोपियन यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू सामील होऊन तिरंगी स्पर्धा झाली, १९१२ साली मुसलमान येऊन ती चौरंगी झाली आणि १९३७ साली पंचरंगी. १९४६ नंतर ती बंद पडली. संघ धर्मावर उभे होते, म्हणून प्रत्येक सामन्यात जमातीची अब्रू पणाला लागे. तिरंगी स्पर्धेच्या आदल्या वर्षी, १९०६ साली, हिंदू व युरोपियन यांच्यात मुंबईत सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय! वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. या विजयी संघात बाळू आणि शिवराम असे दोघे भाऊ होते.

१९११ चा दौरा

१९११ साली अखिल भारतीय म्हणावा असा पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. संघात पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असे सर्व होते. बाळू व शिवराम हे बंधूही होते. दौरा एकंदरीत अपयशाचा ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० गमावले, २ जिंकले, २ अनिर्णीत राहिले. कर्णधार महाराज राजेशाही भेटीगाठींत गुंतले आणि बरेचसे सामने त्यांच्यावाचूनच झाले.

या पडझडीत बाळू मात्र उभे राहिले. सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले; त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्ध संघाला पहिला विजय मिळाला, त्यात दोन्ही डावांत मिळून ११ बळी बाळूंचे. वय पस्तीस, खांदा दुखरा, मैदाने परकी, हवा थंड. तरीही हा पराक्रम. आपल्याकडे येऊन व्यावसायिक म्हणून खेळा, असे काही इंग्लिश कौंटी संघांनी बाळूंना सुचविल्याचे सांगतात. त्यांनी ते स्वीकारले नाही. ज्या देशात वेतनी खेळाडूसाठी दार वेगळे होते त्या देशाने त्यांचे मोल जाणले. स्वदेशात एव्हाना पंगतीतला अडसर बराच दूर झाला होता, पण संघाचे नेतृत्व अजून दूर होते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राच्या कामात वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असे सांगितले जाते. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी. ए. चे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्यासारखेच एक विद्यार्थी! ज्या समाजाला शाळेत पाणी मिळत नव्हते त्या समाजापुढे त्या दिवशी एक माणूस उभा होता, ज्याचे नाव विलायतेच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्या सभेतल्या तरुणांना काय वाटले असेल हे ग्रंथात शोधण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांच्या घरात पहिलेच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्यांना ते आपसूक कळेल.

कर्णधारपदाचा प्रश्न

आता या कारकिर्दीतील सर्वांत बोचऱ्या भागाकडे वळू. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू कोण, याविषयी १९१० नंतर फारसा वाद नव्हता. तरीही कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा एका सत्कारप्रसंगी त्यांनी स्वतःच, हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता, अशा अर्थाचे उद्गार काढले. पै यांचा हा मोठेपणा नमूद केलाच पाहिजे. परंतु निवड करणारे ऐकून घेत आणि आपलेच करीत.

गोलंदाजी हे हाताचे काम आणि कर्णधारपद हे डोक्याचे काम, अशी समजूत त्यामागे होती. कष्ट त्यांनी करावेत आणि आज्ञा आपण द्याव्यात, ही तर गावगाड्याची जुनीच वाटणी. ती क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांतही टिकली.

१९२० साली हा प्रश्न पेटला. चौरंगीच्या पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळले आणि पै आजारी असताना विठ्ठल व शिवराम यांचा हक्क डावलून कर्णधारपद तिसऱ्याकडे गेले. दोघे भाऊ संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे असे त्यांनी जाहीर पत्रातून स्पष्ट म्हटले. मुंबईत खळबळ उडाली. अखेरीस तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केले आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. वय चव्वेचाळीस. ज्या माणसाने पंधरा वर्षे संघ ओढला त्याच्या वाट्याला नेतृत्व आले ते असे, दुसऱ्याने जागा मोकळी केली म्हणून, काही तासांपुरते.

पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. आमच्या हगाम्यातला फेटा म्हणतात तो हाच. तो बाळूंना मिळाला नाही, त्यांच्या धाकट्या भावाला मिळाला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्यांच्या गौरवासाठी विद्यार्थिदशेतील आंबेडकर पुढे आले होते, त्यांच्याशीच सामना! काहींना हा प्रसंग अडचणीचा वाटतो. मला वाटते, दोघांचे मार्ग निराळे झाले, प्रश्न मात्र एकच होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. अंकपुस्तकात बाळूंची कारकीर्द एवढीच आहे. सरासरी पंधराच्या आसपास म्हणजे प्रत्येक बळीमागे केवळ पंधरा धावा दिल्या. कोणत्याही काळात हा आकडा थोर मानला जाईल.

पण या आकड्यांचा आरंभ १९०६ च्या सामन्यापासून होतो. तेव्हा बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यापूर्वीची तेरा-चौदा वर्षे, ग्रेगसाहेबांना टाकलेले ते हजारो चेंडू, कोणत्याही अंकपुस्तकात नाहीत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला. तोवर बाळू छप्पन्न वर्षांचे झाले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीतही ते नाहीत. आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचे झहीर खान यांनी कसोटीत ३११ बळी घेतले आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यांनी २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताचे नेतृत्व करून मालिका जिंकून दिली. दोघांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण खेड्यापाड्यातल्या मुलाने खेळावर जगावे आणि संघाची धुरा वाहावी यात आज कोणाला नवल वाटत नाही, ते नवल कोणीतरी आधी पचवून ठेवले आहे म्हणून.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण

असा अनुभव केवळ आपल्याच देशात आला असे नाही. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी शोधून काढला आणि पाच-सहा वर्षांतच तेथे पैसे घेऊन खेळणारे संघ निघाले. १९०२ साली मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या गिरणगावच्या व्यावसायिक संघात हॅरी ल्यू हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण दाखल झाला. त्याला संघात घेतले, पण प्रथम नुसते बाकावर बसवून ठेवले. एक खेळाडू जखमी झाला तरी व्यवस्थापक त्याला उतरवीना. प्रेक्षकांनीच गलका केला, तेव्हा कोठे तो मैदानात आला, असे त्याने उतारवयात सांगितले आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमधला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. पण आजची जी सर्वांत मोठी स्पर्धा, त्या एनबीएच्या सामन्यात कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला १९५० साल उजाडावे लागले.

पुण्याच्या मैदानावरचा गोलंदाज आणि लॉवेलच्या बाकावरचा तो तरुण यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. तरी दोघांची गोष्ट एकच आहे. बाजाराला कौशल्य हवे असते, म्हणून तो दार किलकिले करतो. त्या फटीतून एक माणूस आत येतो. पण फट म्हणजे दार नव्हे. ते पुरते उघडण्यासाठी बाजार पुरत नाही. त्यासाठी विठ्ठल आणि शिवराम यांच्यासारखे बाहेर पडून ‘आम्हांला का नाही?’ असे विचारावे लागते.

समारोप

हा लेख लिहिताना मला एक गोष्ट प्रांजळपणे सांगावीशी वाटते. संध्याकाळी आम्ही मुले ज्या मैदानावर सराव करतो तेथे एक मामा काम करतात. सकाळी पाणी मारतात, रूळ फिरवतात, सामना असला की फक्की टाकतात. गोलंदाज कमी पडले की आम्ही त्यांना हाक मारतो : “मामा, दोन षटके टाका ना!” मामा येतात. टप्पा असा टाकतात की आमचे भले भले फलंदाज चाचपडतात. दीड वर्ष मी त्यांचे चेंडू खेळत होतो. बाळूंना पूना क्लबात कधी बॅट मिळाली नाही हे वाचले त्या रात्री मला उमगले, की मामांच्या हाती बॅट देण्याचे आमच्यापैकीही कोणाला कधी सुचलेले नाही. मी स्वतः शेतमजुराचा मुलगा. मलाही सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बॅट पुढे केली. मामा म्हणाले, “राहू दे बाळा, अजून रूळ फिरवायचाय.” मी म्हणालो, “तुम्ही खेळा, रूळ आम्ही ओढतो.” ते पाच-सहा चेंडू खेळले. दोन हुकले, एक आमच्या डोक्यावरून सीमेपार गेला. मग त्यांनी बॅट परत दिली आणि आम्ही चौघांनी मिळून रूळ ओढला. तो किती जड असतो हे मला त्या दिवशी कळले.

खेळासाठी पैसा घेणे ही लाजेची गोष्ट नाही. कष्टाचे मोल घेणे कधीच लाजेचे नसते. लाज वाटावी ती मोल देऊन मान राखून ठेवणाऱ्याला. ‘खेळून का पोट भरतं?’ असे आमच्या घरोघरी विचारले जाते. आता भरते, असे उत्तर देता येईल. पण बाळूंच्या चरित्राने पुढचा प्रश्न शिकवला आहे : पोट भरल्यावर पंगतीत जागा मिळते का? आणि संघ निवडताना, कप्तान ठरवताना, चहाचे पेले मांडताना तो प्रश्न आपण स्वतःला विचारतो का? पुढच्या वर्षी आपला संघ मैदानात उतरेल तेव्हा त्या खेळपट्टीवर कोणी रूळ फिरवला, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे.

— द्वितीय वर्ष, कला